भाऊजी, जिनिंग उभी आहे

भाऊजी, तुम्ही गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला उत्तमराव ढोलवाले आले. त्यांनी चपला काढल्या आणि कोणाशी एक शब्द बोलायच्या आधी आपल्या ओसरीच्या भिंतीवर बोटानं टकटक करून कान लावला. भंतेजी बसलेले, पाव्हणे बसलेले. मला हसू आवरेना. मी पदर तोंडाला लावला, तर बाजूच्या बायांना वाटलं, वहिनी रडून राह्यल्या. एकीनं पाठीवरून हात फिरवला. मग मात्र खरंच रडू आलं.

सगळ्या बँडवाल्यांना हा नाद तुम्ही लावून गेलात. भिंत दिसली की टकटक. उत्तमराव नंतर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "वयनी, ओसरी बसकी हाय. आवाज पडते इथं." मी म्हटलं, "तुमचे दोस्त एवढी वर्षं हेच सांगून राह्यले होते. तरी राह्यलेच ना इथंच!"

राहिलात खरे. दिग्रसमध्ये तुम्ही वाजवलं नाही असं लग्न सापडणं कठीण, आणि स्वतःचं लग्न मात्र केलं नाहीत. कोणी विचारलं की म्हणायचे, "सीझनमधी टाइम नाई भेटत, आन् सीझन नसला तर मुहूर्त नाई भेटत." लोक हसायचे आणि प्रश्न विसरून जायचे. मी विसरत नव्हते. पण मीही कधी नीट विचारलं नाही. तुमच्या ताटात भाकरी वाढताना कितीदा ओठावर आलं आणि मी त्याऐवजी "तिखट वाढू का अजून" असं विचारलं.

माझ्या लग्नातले तुम्ही मला स्पष्ट आठवता. माहेर आणि सासर एकाच गावात, मधे जेमतेम दोन गल्ल्या. पण तुमच्या बँडनं ती वरात बाजारातून, बसस्टँडवरून, शाळेमागून अशी काही फिरवली की माझ्या पायांना फोड आले. पुढे लाल कोटातला एक पोरगेला क्लॅरिनेटवाला सारखा मागे वळून माझ्याकडे पाहत होता. मला राग आला. नवऱ्याशी मी पहिलं वाक्य बोलले ते हे, "हा बँडवाला काहून पाहून राह्यला माह्याकडं?"

तुमचे दादा म्हणाले, "तो बँडवाला नाई, माहा भाऊ हाय. तुले गाणं पसंत हाय का नाई, ते पाहून राह्यला."

गाणं पसंत होतं. आमच्या शाळेच्या दिवसांत रेडिओवर लागायचं ते, जुन्या हिंदी सिनेमातलं. पण मी मान हलवली नाही, म्हणून तुम्ही गाणं बदललं. मग तिसरं वाजवलं, चौथं वाजवलं. वरात एवढी लांब का फिरली, ते तुम्ही मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. "तुमची मुंडी हालल्याबिगर घरी आणाचं नाई, असं ठरवलं होतं म्या."

पुढे डीजे आले आणि बँडची कामं कमी होत गेली. तुम्ही रडत बसला नाहीत. तुम्ही म्हणालात, आता लोकांसाठी वाजवून झालं, आता जागांसाठी वाजवतो. दादांच्या स्कूटरवर क्लॅरिनेटची पेटी बांधून तुम्ही जिल्ह्यातल्या जुन्या इमारतींच्या मागे लागलात. कुठल्या हेमाडपंती देवळाचा मंडप, कुठला इंग्रजांच्या वेळचा डाक बंगला, कुठे पडकी वेस. आत जायचं, भिंतीवर टकटक करायची आणि एक जुनं गाणं वाजवायचं. घरी येऊन निकाल सांगायचा. अमुक बंगला कोरडा हाय. तमुक मंडप गोड हाय. दारव्ह्याच्या छोट्या गाडीच्या जुन्या स्टेशनावर तुम्ही आम्हा दोघांनाही घेऊन गेलात. गाडी बंद, रुळांत गवत, आणि फलाटावर तुम्ही उभे राहून वाजवताय. म्हणालात, "इथं सूर थांबत नाई, वयनी. गाडीवानी पुढं निंगून जाते." दादांना तेव्हाच कमी ऐकू यायला लागलं होतं. तुम्ही पेटी उघडली नाही तोच ते "वा, वा, मस्त" म्हणून मोकळे झाले होते.

आणि बाभुळगावच्या रस्त्यावरची ती पायऱ्यांची विहीर! भर दुपारी तुम्ही तळाशी उतरून वाजवायला लागलात. पारवे भर्रकन बाहेर आले, आणि शेजारच्या वावरात निंदण करणाऱ्या बाईनं विळा टाकून गावाकडे धूम ठोकली. काठ्या घेऊन माणसं जमली. विहिरीतून पांढऱ्या सदऱ्यातले तुम्ही काळी क्लॅरिनेट हातात घेऊन वर आलात आणि म्हणालात, "घाबरू नका, मी दिग्रसचा हाव." जसं काही दिग्रसमध्ये भुतं नसतात. त्या लोकांनी तुम्हाला चहा पाजला, शिवाय पुन्हा खाली उतरवून आणखी दोन गाणी वाजवून घेतली.

पण सगळ्या जागांत तुमचा जीव जडला तो आपल्या गावच्या जुन्या जिनिंगवर, कापसातली सरकी काढायच्या त्या बंद कारखान्यावर. काळ्या दगडाच्या भिंती, वर छप्पर पेलणाऱ्या लाकडी कैच्या, त्यावर पत्रे. यंत्रं कधीच विकली गेली होती, नुसता दालनभर अंधार आणि गारवा उरला होता. तुम्ही सांगायचे, "तिथं सूर सोडला का वर जाते, गोल होते, आन् आपल्याच खांद्यावर येऊन बसते." तुम्ही तिथून आलात की तुमचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

मी तिथे कधी आले नाही. तुम्हीही का म्हणून विचारलं नाही, कारण तुम्हाला ठाऊक होतं.

माझी आई त्या जिनिंगमध्ये कामाला होती. कापसाच्या टोपल्या डोक्यावरून आणून यंत्रात ओतायची. संध्याकाळी घरी यायची तेव्हा केस, भुवया, पापण्या सगळं रुईनं पांढरं. आम्ही भावंडं टाळ्या पिटायचो, माय म्हातारी होऊन आली म्हणून. आंघोळ केली की ती परत तरुण व्हायची. खोकला मात्र आंघोळीनं जात नव्हता. त्याच कामावर तिनं मला शिकवलं, मास्तरीण केलं, आणि माझ्या शाळेतल्या नोकरीच्या पहिल्या दिवसाचं कौतुक करून फार दिवस जगली नाही.

म्हणून जेव्हा गावात बातमी आली की जिनिंग पाडून तिचे मालक, धाकटे शेठ, तिथे मंगल कार्यालय बांधणार आहेत, तेव्हा मी चुलीवरून मान न उचलता म्हटलं, "पाडू द्या."

तुमचा घास हातातच राहिला. "वयनी! हे तुमी बोलून राह्यल्या?"

"मी नाही तर कोण बोलणार? तुमाले तिथं सूर ऐकू येते. मले माह्या मायचा खोकला ऐकू येते."

तुम्ही घास ताटात परत ठेवलात. मग म्हणालात, "पाडल्यानं बंद होईन काय तो?"

"वाजवल्यानं तरी कुठं होते?"

तो सगळा उन्हाळा आपण जेवताना हेच भांडलो. मी म्हणायची, देवळं, बंगले, वेशी, सगळ्यांना तुम्ही सूर लावून पाहता, पण तिथं राबलं कोण, त्याला काही सूर असतो का? तुम्ही वेळ मारून नेली नाहीत. सरळ म्हणालात, "असन. मले अजून नाई सापडला." या एका उत्तरासाठी मी तुमचं पुष्कळ काही माफ केलं आहे. घरात ओली क्लॅरिनेट माझ्या पोळ्यांच्या डब्यावर वाळत ठेवणंसुद्धा.

तुम्ही धाकट्या शेठकडे गेलात. पोरगा वाईट नव्हता. त्यानं तुम्हाला खुर्ची दिली, काचेच्या दर्शनी भागाचं चित्र दाखवलं आणि सांगितलं, "काका, पाऊस लागायच्या आत जेसीबी लावायचा आहे." तुम्ही हुज्जत घातली नाही. म्हणालात, "एक दिवस द्या मले. सकाळी वाजवतो, दुपारी झाडून देतो." त्याला हसू आलं आणि त्यानं दिवस दिला.

मग आपल्या ओसरीवर जुना बँड जमायला लागला. काय ते रूप! लाल कोट पेट्यांतून निघाले, पण बटणं आणि काजं यांची भेट होईना. कोट सैल करायचं काम माझ्याकडे आलं. लाल कापड जुळेना, म्हणून मी माझ्या ब्लाउजपिसांतले मरून तुकडे बगलेत घातले. तुम्ही बघून म्हणालात, "वयनी, तुमचा तं विरोध हाय ना?" मी म्हटलं, "विरोध आहेच. पण पोटं बाहेर काढून वाजवलंत तर गावात नाव आपल्या घराचं जाईन." दारव्ह्याच्या ट्रंपेटवाल्यांचे पुढचे दात गेले होते, आणि दातांशिवाय ट्रंपेट फुंकता येत नाही. त्यांच्या हातात तुम्ही खुळखुळे दिलेत. ते दोन दिवस रुसले. मग त्यांनी ते खुळखुळे असे काही वाजवले की तुम्हालाच त्यांना आवरावं लागलं.

कार्यक्रमाच्या सकाळी मी जायचं नाही असं ठरवलं होतं. दादांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली आणि ते दारात उभे राहिले. म्हणाले, "मले काही ऐकू नाई येणार. तू ऐकून सांग." मी चपला घातल्या आणि निघाले.

फाटकाशी आले तर गर्दी होती. आत खुर्च्या मांडलेल्या, बाजारातली मंडळी, मास्तर लोक, पोरंपोरी मोबाईल घेऊन. पण फाटकाबाहेर निंबाखाली काही म्हाताऱ्या बाया उभ्या होत्या. दोघीतिघींना मी ओळखलं. आईच्या बरोबरीच्या किंवा तिच्याहून लहान, जिनिंगमधल्याच. कोणी त्यांना अडवलं नव्हतं. तरी त्या आत जाईनात. एकीला मी विचारलं, "मावशी, आत काहून नाई जात?" ती म्हणाली, "बलावलं का जाऊ ना, बाई."

भोंगा वाजला की आत पळायचं आणि भोंगा वाजला की बाहेर पडायचं, एवढंच त्या फाटकानं त्यांना शिकवलं होतं. इतक्या वर्षांनी भोंगा कुठून वाजणार?

मी तुम्हाला हे सांगायला आत आले. तुम्ही क्लॅरिनेटच्या तोंडाला फुंकायची पत्ती बसवत होता. मी म्हटलं, "बाहेर बाया उभ्या आहेत." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. उत्तमरावांना खूण केलीत, सगळा बँड उठवलात आणि खुर्च्यांवरच्या लोकांकडे पाठ करून फाटकाकडे चालत सुटलात.

भाऊजी, मी त्या दिवसाबद्दल तुमच्याशी पुष्कळ बोलले, पण ही गोष्ट नीट बोलले नाही. तुम्ही त्या बायांपुढे उभे राहिलात, कमरेत वाकून नमस्कार केलात आणि वरातीचं गाणं सुरू केलंत. सबंध बँडच्या ठेक्यावर त्या बायांना तुम्ही आत आणलं. पहिल्यांदा त्या लाजल्या, एकमेकींच्या मागे लपल्या. मग काठी टेकत चालणाऱ्या एकीनं काठी दुसरीच्या हातात दिली आणि दोन्ही हात वर करून नाचायलाच लागली. ढोल पुढे, खुळखुळे मागे, आणि मधे त्या नऊवारीतल्या बाया, ज्यांना त्या दारातून कधी चालत जाता आलं नव्हतं, पळावं लागलं होतं. आतले लोक खुर्च्या सोडून उभे राहिले. दादा माझ्या कानाशी ओरडले, "कोणतं गाणं हाय?" मला सांगता येईना. मी हसत होते आणि पदरानं डोळे पुसत होते.

तुम्ही शोधत होता तो सूर तेव्हा सापडला की काय, हे तुम्ही सांगितलं नाहीत. मी विचारलंही नाही. वाद मी हरले असं तुम्हाला वाटू द्यायचं नव्हतं, एवढंच कारण.

नंतर तुम्ही माइकवर जाहीर करून टाकलंत, "आता आमच्या वयनी दोन शबद बोलतीन." न विचारता! शाळेत जन्म गेला माझा बोलण्यात, पण तिथे उभी राहिले आणि शब्द संपले. एवढंच म्हटलं, "इथे माझी आई कामाला होती. तिच्यासारख्या पुष्कळ बाया होत्या. या भिंती त्यांच्या ओळखीच्या आहेत." आणि बसले. तुम्ही टाळ्यांची वाट न बघता वाजवायला सुरुवात केलीत. बरं केलंत.

त्या इमारतीत तुमची क्लॅरिनेट मी पहिल्यांदा ऐकली. खांद्यावर सूर येऊन बसतो हे खरं आहे. हे तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं, आता सांगते.

धाकट्या शेठच्या आई, माई, पुढच्या रांगेत बसल्या होत्या. दोन-तीन गाणी झाल्यावर त्यांनी हात वर केला. म्हणाल्या, लग्न होऊन या फाटकातून आले तेव्हा बँडनं एक गाणं वाजवलं होतं, ते येईल का? गाण्याचे शब्द त्यांना आठवेनात. मग पोराकडे, सुनेकडे न बघता त्या गुणगुणायला लागल्या. सूर इकडेतिकडे जात होता. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत, मान डोलावलीत आणि पुढची ओळ क्लॅरिनेटवर उचललीत. तुम्ही म्हणालात, "माई, तवा बी म्याच वाजवलं होतं. बँडात नवीन होतो. दोन जाग्यावर चुकलो होतो." माई म्हणाल्या, "मला कुठे कळलं होतं! माझं तर डोळ्यांतल्या पाण्याकडेच ध्यान होतं." सगळी जिनिंग हसली.

जाताना माई मुलाला जे म्हणाल्या ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "लग्नंच लावायची ना तुला? मग याच भिंतींत लाव. ह्या कायले पाडतो?" मुलगा खर्चाचं बोलला, इंजिनीअरचं बोलला. मग इंजिनीअर आला, त्यानं भिंती तपासल्या, त्या चांगल्या निघाल्या. कुजलेल्या कैच्या आणि थोडे पत्रे बदलायचे ठरले. जेसीबी आला तो मागचं झुडूप काढायला.

तुम्ही पेढे आणलेत. पेढा माझ्या हातावर ठेवताना विचारलंत, "वयनी, तुमाले वाईट तं नाई ना वाटलं?" मी म्हटलं, "इमारत राहिली ते ठीक. पण दारावर एक पाटी पाहिजे. इथे कोण राबलं त्याची."

"पाटी कोण वाचते, वयनी? गाणं कानात घुसते."

"गाणं संपते, भाऊजी. पाटी राहते."

"पाटीवर लोकं पोस्टर चिकटवते."

हा आपला नवा वाद सुरू झाला, आणि तो तुम्ही अर्ध्यावर सोडून गेलात. तिथे रंगाचं काम चालू असतानाच तुम्ही गेलात. मला दुःख आहेच, पण रागही आहे. वाद जिंकायची ही रीत झाली का? तुमची क्लॅरिनेट दादा रोज सकाळी फडक्यानं पुसतात. ती वाजली तर त्यांना ऐकू येणार नाही, आणि त्यांना ऐकू येईल अशी ती आता वाजणार नाही. पुसून झाल्यावर मात्र ते "वा, वा, मस्त" म्हणतात.

आता परवाचं सांगते. जिनिंगमध्ये पहिलं लग्न लागलं. त्या दिवशी काठी सोडून नाचल्या त्या मावशींच्या नातीचं. नवरदेवाच्या दोस्तांनी डीजे आणला होता. स्पीकरचे डब्बे उभे केले, बटण दाबलं, आणि भाऊजी, तुमच्या त्या भिंतींनी त्याची अशी काही गत केली की विचारू नका. आवाज वर गेला तो खाली यायला तयार नाही, मागून दुसरा आला, तिसरा आला, पत्रे थडथडायला लागले. वाढप्याच्या हातातला वरणाचा टोप हलला. शेवटी डीजेवालाच कानावर हात ठेवून बाहेर आला आणि म्हणाला, "इथं नाई जमत, साहेब." बंद केला त्यानं. एकदम इतकं शांत झालं, की बांगड्यांचा आवाज आला. माइकचीही गरज पडली नाही. भंतेजींनी त्रिशरण सुरू केलं, लोकांनी मागून म्हटलं, आणि सगळं दालन भरून गेलं. तुम्ही हवे होता. हे मी तिथे दादांनाही म्हटलं. त्यांनी पहिल्यांदाच "वा" म्हटलं नाही, नुसता माझा हात धरला.

जेवणाच्या वेळी गर्दीतून बाजूला खुर्ची घेऊन मी बसले होते. माई आपलं ताट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसल्या. त्यांच्या घरातलं कोणी आजवर माझ्या शेजारी जेवायला बसलं नव्हतं, आणि मीही कधी त्यांच्या शेजारी बसले नव्हते. थोडा वेळ आम्ही भाजीबद्दल बोललो. वरची तेलाची तर्री जरा जास्त झाली होती. मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही आईचं सांगितलं. नाव नाही सांगितलं. काय नाव होतं आईचं?"

मी म्हटलं, "अनसूया."

"अनसूयाबाई," माई म्हणाल्या. नीट लक्षात राहावं म्हणून पुन्हा एकदा म्हणाल्या.

तुम्ही असता तर लगेच विचारलं असतं, कोणत्या सुरात म्हणाल्या, वर जाऊन कसं परत आलं. म्हणून सांगते. कोणत्याच सुरात नाही, भाऊजी. साध्या बोलण्यात. तोंडात घास होता त्यांच्या.